तुर्की संध्याकाळ, ६० माणसं, तीन तास: काय ठेवावं, काय गाळावं?

नदीकाठचा
जर्मनीतल्या एका लहान शहरातलं वस्तीचं मंडळ. जर्मन, पोलिश, दोन मराठी घरं आणि पाच तुर्की कुटुंबं. एप्रिलमधल्या एका शनिवारी, दुपारी ४ ते ७, बाकीच्यांना तुर्की संस्कृतीची ओळख करून द्यायची आहे. माणसं ६० धरा, त्यात १५ मुलं. सभागृहात चार विजेच्या शेगड्या, एक ओव्हन, भांडी धुवायचं यंत्र. तुर्की घरांतल्या चौघी खाण्याचं बघतील, एक काका बाग्लामा (लांब दांड्याचं तंतुवाद्य) वाजवतील.

बैठकीत आलेल्या सूचना जशाच्या तशा: बेली डान्स, हुक्का, लाल फेझ टोप्या, गरगर फिरणारा दरवेशी, डोनर कबाब. काही चुकत असेल तर सांगा, पण त्याऐवजी काय हेही सांगा. मापासकट. ‘मस्त होईल’ छाप प्रतिसाद नकोत.

बॉस्फरसकर
पाचही काढा.

फेझ १९२५च्या टोपीकायद्याने गेली. आज ती आइस्क्रीमवाल्याच्या आणि पर्यटकांच्या डोक्यावर दिसते. बेली डान्स आणि हुक्का हे पोस्टरवरचं ‘पौर्वात्य’ दुकान, त्यात त्या पाच घरांचं काहीच नाही. डोनर जर्मनीत प्रत्येक नाक्यावर मिळतो, त्याची ओळख कुणाला करून देणार?

दरवेशांचं जरा सविस्तर. समा हा मेवलेवी या रूमीच्या सूफी पंथाचा विधी आहे, नाच नव्हे. चार ‘सेलाम’ असतात, ने (बोरूची बासरी) आणि कुदुम (छोटा जोडनगारा) वाजतात, उजवा तळवा वर आणि डावा खाली. १९२५ मध्ये सगळे तेक्के, म्हणजे सूफी मठ, कायद्याने बंद झाले. पुढे कोन्यात रूमीच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने (१७ डिसेंबर १२७३) तो पुन्हा लोकांसमोर होऊ लागला. खाण्याच्या टेबलाशेजारी भाड्याचा माणूस फिरवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत करमणूक म्हणून कीर्तनकाराला नुसता उड्या मारायला बोलावणं. अलेवी पंथीयांच्या ‘समाह’ या विधीचंही तेच.

बॅनरवर अरबी वळणाची अक्षरं नकोत. १ नोव्हेंबर १९२८च्या कायद्यापासून तुर्की भाषा लॅटिन लिपीत लिहितात. ध्वज टेबलावर अंथरू नका, केकवर काढू नका. टेबलावर अंथरायला तुर्कियेच्या ध्वजकायद्यातच मनाई आहे, आणि दोन्ही लोकांना मनापासून लागतं.

तारीख २३ एप्रिलच्या जवळची घ्या. १९२०मध्ये त्या दिवशी अंकारात राष्ट्रीय सभा भरली, आणि तोच तिथला बालदिन. १५ मुलं आहेत, म्हणजे निमित्त आयतंच. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो, तेवढं कॅलेंडर बघून घ्या.

नदीकाठचा
मग सुरुवात कशाने करू? भाषण कुणालाच नकोय.

बॉस्फरसकर
दारात कोलोन्या आणि भिंतीवर नकाशा.

आपल्याकडे लग्नात अत्तर-गुलाबपाणी देतात ना, त्या जागी तिथे लिंबाचं कोलोन्या. पाहुणा आत आला की त्याच्या ओंजळीत चार थेंब. बाटलीवर ८० अंश लिहिलेलं असतं, म्हणजे ऐंशी टक्के अल्कोहोल: शेगडीपासून लांब ठेवा, मुलांच्या हातावर एकच थेंब, आणि आधी विचारा. ‘होश गेल्दिनिझ’ म्हणजे या, स्वागत आहे. त्यावर पाहुण्याने ‘होश बुल्दुक’ म्हणायचं. दारातच शिकवून टाका.

नकाशा मोठा हवा, किमान एक मीटर रुंद. दोन तुर्की माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘मेमलेकेत नेरेसी?’, म्हणजे आपलं ‘गाव कुठलं?’ पाचही घरांनी आपापल्या गावावर टाचणी लावायची आणि खाली गावाचा एकच पदार्थ किंवा एकच वस्तू लिहायची. रिझे असेल तर चहा, गाझीआंतेप असेल तर पिस्ते. कुणी कुर्द असेल, कुणी अलेवी, कुणी काळ्या समुद्राकडचा लाझ. ते त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील. तुम्ही परस्पर ‘सगळे तुर्क’ असं लिहू नका. कार्यक्रमाचं नाव ‘तुर्कियेची संध्याकाळ’ ठेवा.

नकाशाखाली एक ओळ: ३० ऑक्टोबर १९६१, जर्मनी आणि तुर्किये यांच्यातला कामगारभरतीचा करार. शेजारी इथे का आहेत याचं उत्तर त्या ओळीत आहे.

साय_साखर
आता चहा. माझ्या मते अख्खी संध्याकाळ चहावर उभी राहते, आणि पडतेही त्याच्यावरच.

हिशेब: ६० माणसं, माणशी ३ पेले, पेल्यात १०० मिली. म्हणजे १८ लिटर. त्यातला एक तृतीयांश ‘देम’, म्हणजे दाट अर्क, ६ लिटर. बाकी १२ लिटर उकळतं पाणी. एक लिटर देमला सहा शीग भरून मोठे चमचे पत्ती, साधारण ४० ग्रॅम. एकूण पाव किलो.

दुमजली किटली, चायदानलक, दोन हव्यात. वरचं भांडं एक लिटरचं. खालच्या भांड्यात पाणी. वरच्यात पत्ती घालून थंड पाण्याने एकदा विसळा, पाणी टाकून द्या, आणि तशीच ओलसर पत्ती खालच्या वाफेवर राहू द्या. खालचं पाणी खळखळलं की ते वर ओता, खाली नवं पाणी घाला, आच बारीक करा. १५ ते २० मिनिटं. पत्ती तळाला बसली म्हणजे देम झाला. वर तरंगतेय तोवर हात लावू नका.

चुका कुठे होतात: वरचं भांडं थेट शेगडीवर ठेवून उकळलं की कडू. आपली दाणेदार सीटीसी पत्ती वापरली की पंधरा मिनिटांत जाळ कडू, कारण तिचा रंग दोन मिनिटांतच सुटतो. जर्मनीतल्या जड पाण्यात वर साय धरते आणि रंग मातकट होतो, म्हणून गाळणीच्या जगमधलं पाणी घ्या. देम अर्ध्या-पाऊण तासात शिळा होतो. त्यामुळे सहा लिटर एकदम करायचा नाही. दोन किटल्या आलटून पालटून, दर अर्ध्या तासाला एक ताजा देम. पहिला ३ वाजून ४० मिनिटांनी लावा.

रंग पेल्यातून दिसायला हवा. चांगल्या चहाला ‘तावशान कानी’ म्हणतात, सशाच्या रक्ताच्या रंगाचा. कागदी कपात तो दिसतच नाही.

पाटपाणी
६० काचेचे पेले कोण धुणार? कागदी कप घ्या आणि मोकळे व्हा.

साय_साखर
धुवायचं यंत्र आहे की! ४० पेले पुरतात, फिरते ठेवा. कमरेत बारीक असलेला तो ‘इंजे बेल्ली’ पेला हीच तर निम्मी ओळख. आधी गरम पाण्याने विसळा म्हणजे तडकणार नाही. काठोकाठ भरायचा नाही, वर बोटभर जागा सोडायची, कारण धरायचा तिथेच. दूध नाही. साखरेचे खडे बशीत. फिका हवा तर ‘आचुक’, कडक हवा तर ‘कोयू’. मुलांना थंड पाणी घातलेला कोमट फिका चहा, त्याला ‘पाशा चायी’ म्हणतात. पेला रिकामा दिसला की पुन्हा भरला जातो. पुरे असेल तर चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा. हे पाहुण्यांना आधी सांगा, नाहीतर बिचारे सहा-सहा पेले पितील.

अवांतर: हा चहा काही ऑटोमन काळापासूनचा नाही. रिझेतली पहिली चहाफॅक्टरी १९४७ची. त्याआधी मान कॉफीला होता.

नदीकाठचा
कॉफीपण ठेवायची का मग? शेगड्या चारच.

साय_साखर
६० जणांना नाही. एका जेझवेत, म्हणजे लांब दांड्याच्या कॉफीच्या भांड्यात, तीन-चार कपच होतात. एक कोपरा, एक शेगडी, दोन जेझवे, आणि नावं लिहून वीस जणांना.

एका फिंजानला, म्हणजे कॉफीच्या छोट्या कपाला, ६५ मिली थंड पाणी (त्याच कपाने मोजा) आणि ७ ग्रॅम कॉफी. दळण मैद्यासारखं, एस्प्रेसोचं चालत नाही, ते कपात खाली बसतच नाही. साखर आधीच घालायची: ‘सादे’ बिनसाखरेची, ‘ओर्ता’ मध्यम, ‘शेकेर्ली’ गोड. म्हणून ऑर्डर घेताना गोडी विचारावी लागते, मागाहून ढवळायची सोय नाही. एकदाच ढवळा, मग मंद आचेवर सोडा. कडेने फेस चढू लागला की तो चमच्याने प्रत्येक कपात वाटा, उरलेली पुन्हा आचेवर धरा, चढली की ओता. उकळली की फेस मेला. तांब्याचा जेझवे इंडक्शनवर तापत नाही. तुमच्या शेगड्या साध्या तवीच्या असतील तर चालेल. सोबत पाणी आणि एक लोकुम, म्हणजे तिथल्या मऊ मिठाईची वडी. लोकुम स्टार्चचा असतो, जिलेटिनचा नाही, म्हणून शाकाहाऱ्यांना चालतो. तरी पाकीट वाचा.

पाटपाणी
खाण्याचं काय? इथे अर्धे शाकाहारी, काहींना डुक्कर नको, काहींना गोमांस नको.

साय_साखर
म्हणूनच सगळंच शाकाहारी ठेवा. तुर्की स्वयंपाकात त्याने काही अडत नाही. सगळ्यांत सोपं मर्जिमेक कोफ्तेसी, मसूर डाळीच्या मुठी.

एका घाण्याला २०० ग्रॅम लाल मसूर डाळ, ६०० मिली पाणी. २० मिनिटांत डाळ फुटते आणि वर थोडं पाणी राहतं. आच बंद. त्यात २०० ग्रॅम बारीक बुल्गुर घालून झाकण, अर्धा तास. एका कढईत पाऊण वाटी तेलात दोन कांदे मऊ परता, त्यात दोन मोठे चमचे टोमॅटोची साल्चा (दाट पेस्ट) आणि एक चमचा मिरचीची साल्चा. ते मिश्रणात ओतून मीठ, एक चमचा जिरेपूड, पुल बिबेर (सुक्या मिरचीचा चुरा), लिंबू घालून मळा. शेवटी पातीचा कांदा आणि पार्सली. ओल्या हाताने मुठी वळायच्या, बोटांचे ठसे दिसले पाहिजेत. लेट्यूसच्या पानावर ठेवून लिंबू पिळायचं. एका घाण्यात ३० ते ३५ होतात. ६० जणांना दोन-दोन म्हणजे चार घाणे, ८०० ग्रॅम डाळ. पण पाणी चौपट करू नका, मोठ्या पातेल्यात वाफ कमी जाते. सव्वादोन लिटर पुरे.

मराठी घरांसाठी खास इशारा: बुल्गुरऐवजी लापशीचा दलिया घालू नका. बुल्गुर आधीच उकडून वाळवलेला असतो, म्हणून नुसत्या वाफेवर फुलतो. दलिया कच्चा असतो, दाताखाली करकरतो. आणि बुल्गुर ‘कोफ्तेलिक’ म्हणजे बारीकच. जाडा घातला की मुठी फुटतात. मिश्रण सैल झालं तर आणखी बुल्गुर घालून पंधरा मिनिटं थांबा. पीठ घालू नका, चिकट होतं.

बाकी गार खायच्या द्राक्षपानाच्या सार्मा, म्हणजे गुंडाळ्या (तांदळाच्या, ऑलिव्ह तेलातल्या), चीजचा बोरेक (पातळ पोळ्यांच्या थरांत भरून भाजलेला), आणि आयरान. आयरान म्हणजे दही आणि पाणी सारखंच, मीठ, भरपूर घुसळून. जिरं-कोथिंबीर घालून त्याचं मठ्ठ्यात रूपांतर करू नये, ही नम्र विनंती.

प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी: गहू, दूध, तीळ, अक्रोड, पिस्ता. सिमितवर (कड्यासारख्या पावावर) तीळ असतात, ते लोक विसरतात. आणि बनवणारीला ‘एलिनिझे साअलुक’ म्हणायचं, तुमच्या हातांना आरोग्य लाभो. ती ‘आफियेत ओल्सुन’ म्हणेल.

उलटा_छापा
मुलांसाठी एब्रू ठेवा, पाण्यावरची चित्रं. २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण यात आदल्या दिवसाची तयारी चुकली की अख्खा कोपरा बंद.

दोन ट्रे, प्रत्येकी २५ × ३५ सेंमी, पाणी ४ सेंमी खोल: म्हणजे ट्रेला साडेतीन लिटर, एकूण सात. परंपरेने पाण्यात कित्रे हा डिंक घालतात. घाईत कॅराजिनन (समुद्रशेवाळाची पूड), लिटरला ७-८ ग्रॅम. ऊर्ध्वपातित पाणी घ्या. मिक्सरने फेटलं की हवा भरते, म्हणून रात्रभर, किमान १२ तास ठेवायचंच. खाण्याच्या दुकानातलं ‘कप्पा’ जातीचं कॅराजिनन आणू नका, त्याची जेली होते. ‘लॅम्डा’ हवं, चित्रकलेच्या दुकानातलं.

रंग मातीचे, त्यात ‘ओद’ म्हणजे बैलाचं पित्त, थेंबाथेंबाने. त्यानेच रंग पाण्यावर पसरतो. शाकाहारी घरांना हे आधी सांगा. कृत्रिम पर्यायही मिळतो. रंग बुडाला तर पित्त कमी आहे किंवा पाण्यावर साय धरली आहे. वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून ओढून साय काढा आणि पुन्हा बघा. थेंब ट्रेभर पसरून फिका पडला तर पित्त जास्त. कागदावर पांढरे गोल आले तर कागद टेकवताना हवा अडकली: एका कोपऱ्यापासून हळूहळू टेकवायचा, धाडकन नाही. हातावर साबण किंवा बोरेकचा तुपकट अंश असेल तर ट्रे गेलाच. खाण्याचं टेबल आणि एब्रू दोन टोकांना ठेवा.

क्रम असा: गुलाबाच्या काडीला घोड्याचे केस बांधलेला कुंचला, तो बोटावर आपटून थेंब शिंपडायचे. हा ‘बत्ताल’, सगळ्याची सुरुवात. मग सुईने आडव्या-उभ्या रेघा ओढल्या की ‘गेलगित’. मुलांना इतकंच पुरे. फुलांचे एब्रू (नेजमेद्दिन ओक्याय, १८८३ ते १९७६, यांनी ज्यांना रूप दिलं) बघायला सोपे, काढायला नाहीत. एका कागदाला ४-५ मिनिटं, म्हणजे दोन ट्रेवर तासाला पंचवीसेक. ए-५ आकार द्या, दोरी आणि चिमटे लावा, जाताना घेऊन जातील.

मराठी घरांना सांगायला एक गोष्ट: सतराव्या शतकात दख्खनमध्ये, विजापूरकडे, याच अब्री कागदातून आख्खी चित्रं काढली गेली. हाडं वर आलेला घोडा आणि त्याचा स्वार हे त्यातलं एक, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

चौसष्ट_घरं
एब्रूची रांग लागेल तेव्हा बाकीच्यांच्या हाताला मांगाला द्या, खळग्यांत दाणे पेरायचा दोघांचा तुर्की खेळ. पट विकत घ्यायची गरज नाही. १२ अंड्यांचा पुठ्ठा म्हणजे बरोब्बर सहा-सहा खळगे, दोन टोकांना दोन वाट्या म्हणजे ‘हझिने’, खजिने. ४८ सुके हरभरे, खळग्यात चार-चार. असे दहा खेळपट दहा युरोत होतील.

नियम: आपल्या एका खळग्यातले सगळे उचलायचे, पहिला त्याच खळग्यात परत टाकायचा, मग उजवीकडे एकेक पेरत जायचं. वाटेत आपल्या खजिन्यात एक, प्रतिस्पर्ध्याच्या खजिन्यात नाही. खळग्यात एकच दाणा असेल तर तो पुढच्या घरात. शेवटचा दाणा आपल्या खजिन्यात पडला की पुन्हा खेळायचं. समोरच्याच्या खळग्यात पडून तिथली संख्या सम झाली की ते सगळे आपले. आपल्या रिकाम्या खळग्यात पडला आणि समोर दाणे असले की तो एक आणि समोरचे सगळे आपले. एकाची बाजू रिकामी झाली की डाव संपला, आणि समोर उरलेलेही त्यालाच. २५ झाले की जिंकला.

पल्लांकुळी (दक्षिण भारतातला असाच खेळ) खेळलेले इथेच चुकतात: पहिला दाणा त्याच खळग्यात टाकायचं विसरतात आणि सगळी मोजणी एका घराने सरकते.

मुखडा_अंतरा
नाच हवा असेल तर हालाय, तिथला ओळीचा लोकनाच. बघायचा नाही, करायचा. करंगळीत करंगळी अडकवून ओळ, उजव्या टोकाला हालायबाशी, म्हणजे ओळीचा म्होरक्या, त्याच्या हातात रुमाल. सहा ठोके: उजवं, डावं, उजवं, डावा पाय हलकेच वर, डावं खाली, उजवा पाय वर. ओळ उजवीकडे सरकते. पाच मिनिटं बिनसंगीताने टाळीवर घ्या, मग वाद्य.

दावुल-झुर्ना (मोठा ढोल आणि सनई) बंद सभागृहात नको, कान बसतील. ती मैदानाची वाद्यं. काकांचा बाग्लामा ६० जणांच्या पावलांच्या आवाजात ऐकू येत नाही, माईक लावा. एका ओळीत पंधरापेक्षा जास्त नकोत, शेपटाकडचे ओढले जातात आणि पडतात. काळ्या समुद्राकडचा होरोन हा नाच सातच्या तालात आणि भलताच वेगवान. पहिल्याच दिवशी नवख्यांना त्यात उतरवू नका. आणि हालाय कुर्द, आर्मेनियन, असिरियन लोकही करतात, ‘फक्त तुर्की’ असं सांगू नका. ध्वनिमुद्रण लावणार असाल तर गेमाकडे (जर्मनीतली संगीताचे हक्क सांभाळणारी संस्था) आधी नोंद करा.

बॉस्फरसकर
‘फक्त’ वरून आठवलं. भिंतीवर शब्दांचा एक तक्ता लावा. जर्मनांसाठी योगर्ट, किऑस्क, ट्युलिप: तिन्ही तुर्कीतून गेलेले. मराठी घरांसाठी साबण म्हणजे साबुन, हौद म्हणजे हावुझ, हिशेब म्हणजे हेसाप. पण ‘फकात’ म्हणजे ‘पण’, आणि ‘मिसाफिर’ म्हणजे प्रवासी नव्हे, पाहुणा. मूळ अरबी शब्द तेच, दोन्हीकडे वेगळे वळले.

चिठ्ठ्या वाचताना: सी म्हणजे ज, शेपटीचा सी म्हणजे च, शेपटीचा एस म्हणजे श. टोपीवाला जी स्वतः गप्प राहतो, आधीचा स्वर लांबवतो.

पाटपाणी
कारागोझचा बाहुल्यांचा खेळ राहिला की! आपल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचा चुलतभाऊ.

बॉस्फरसकर
खरंय, पण तो एकट्या कलाकाराचा खेळ. उंटाच्या कातड्याच्या बाहुल्या, सगळे आवाज एकाच माणसाचे, आणि सगळी गंमत तुर्की शब्दांच्या कोट्यांत. भाषांतर करायला गेलं की उरतो नुसता मार. जुन्या खेळांत अरब, यहुदी, फ्रेंक (युरोपीय) अशी टिंगलीची पात्रंही असतात, मिश्र मंडळात ती अवघड जातात. त्यापेक्षा नसरेद्दिन होजाच्या (आपला मुल्ला नसरुद्दीन) दोन छोट्या गोष्टी, आधी तुर्कीत, मग जर्मनमध्ये. तळ्यात विरजण लावणारा होजा आणि त्याचं ‘या तुतार्सा?’ (आणि लागलं तर?) कुणालाही कळतं. तळं अकशेहिरचं, नकाशावर त्यालाही टाचणी लावा.

नदीकाठचा
सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंत असं ठरतंय: ३:४० पहिला देम. ४ला दारात कोलोन्या, नकाशा. ४:१५ पासून खाणं, सोबत मांगाला आणि एब्रू. ५:३०ला होजा. ५:४५ ते ६:१५ हालाय. शेवटी कॉफी. एब्रूचं पाणी शनिवारी सकाळी ९ला केलं तर चालेल ना? सभागृहाची किल्ली तेव्हाच मिळते.

उलटा_छापा
नाही. ९ ते ४ सात तासच होतात, बुडबुडे राहतील. शुक्रवारी रात्री घरीच झाकणाच्या बादलीत करा, सकाळी जुन्या सुती कापडातून गाळून न्या, आणि सभागृहात गेल्या गेल्या ट्रेमध्ये ओता, म्हणजे खोलीइतकं कोमट होईल. थंडगार पाण्यावर रंग पसरत नाही. रंग तपासायला १० कागद जास्तीचे घ्या, पहिले चार-पाच बिघडतातच.

साय_साखर
आणि कॉफी शेवटी नको, ४:१५ पासूनच चालू ठेवा. वीस कप म्हणजे पाच-सहा जेझवे, प्रत्येकी सात-आठ मिनिटं. ६:१५ला सुरू केलं तर शेवटच्या चार जणांना रिकामं सभागृह बघत प्यावी लागेल.